गोड कांद्याच्या वेणीची निरवानिरव

मृत्युपत्राच्या आरंभी ईश्वराचे स्मरण करण्याचा प्रघात आहे. तो मी मोडत नाही. फक्त ईश्वरास क्षणभर बाहेर ओट्यावर बसवतो, कारण आधी झारीची तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. माझी पितळी झारी माझे थोरले बंधू गुणवंतराव यांनी गेल्या कार्तिकात "अर्ध्या घंट्यासाठी" म्हणून नेली. ती पौषात परत आली. येताना तिचे तोंड, म्हणजे ज्या बारीक भोकांतून पाणी भुरभुर पडते ती चाळणी, तेवढी आली नाही. आता तीतून पाणी बदकन पडते आणि नुकते रुजलेले कांद्याचे बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात जाऊन गोळा होते. बंधूंस विचारले असता ते म्हणाले, "अशीच होती." याहून लहान वस्तूंवरून भाऊबंदकी नागपूरच्या हायकोर्टापर्यंत गेल्याच्या बातम्या मी स्वतः छापून आणल्या आहेत. सबब झारीची नोंद सर्वांत वर असावी.

आता ईश्वराने आत यावे.

मी, धुंडिराज महादेव पाचपोर, वय बावन्न, पूर्वी संस्कृत पाठशाळेत शिक्षक, हल्ली नागपूरच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार, राहणार मौजा चिचोली, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, लिहून ठेवतो की हा जिल्हा माझ्या लहानपणी मध्यप्रांतात होता, पुढे मध्यप्रदेशात गेला आणि गेल्या दिवाळीपासून मुंबई राज्यात आहे. मी मात्र त्याच ओट्यावर बसलेलो आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ज्यास शंका असेल त्याने माझ्या व्याकरणाची परीक्षा घ्यावी, घेणारा गावात सापडल्यास. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भूल पाडलेली नाही. या वयाच्या आणि या प्रकृतीच्या माणसाला भूल पाडण्याचे श्रम कोण घेतो?

प्रकृतीविषयी इतकेच की छातीत पाणी झाले आहे. चांद्याचे डॉक्टर म्हणाले, "पावसाळा सांभाळा." पावसाळ्यानंतरचे ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. त्याआधी गेल्या श्रावणात ताप आला होता. तो जाताना माझे नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. तेव्हापासून शिरा आणि पिठले यांतला भेद मला पोतावरून कळतो. हे मी आजवर कोणास सांगितलेले नाही. बातमीदाराने स्वतःची बातमी फोडू नये.

माझी पत्नी सुगंधाबाई तीन वर्षांमागे पौषात वारली. आम्हांस अपत्य नाही. त्यामुळे मी काही न लिहिता गेलो तर सर्व काही कायद्याने थोरल्या बंधूंकडे जाईल. तसे होऊ नये एवढ्याचसाठी मी लिहावयास बसलो आहे. हेतू आरंभीच सांगितलेला बरा.

कलम पहिले. राहते घर, कवेलूंच्या छपराचे, दोन खोल्या व ओटा, हे मी गावच्या प्राथमिक शाळेस देतो, ते शाळेच्या मास्तरांनी राहण्यासाठी. मास्तर आज ज्या गोठ्यात राहतात तेथे बैलांचा हक्क त्यांच्याहून जुना आहे. घर देवळीच्या वर व दाराच्या डाव्या अंगास गळते. तेथे घमेले ठेवण्याची पद्धत आहे. घमेले घराबरोबर दिले आहे.

कलम दुसरे. साप्ताहिकाच्या संपादकांस माझी दौत व कोरे कागद द्यावेत. मी त्यांस जुन्या मालगुजारी तलावाचा बंधारा फुटल्याची, तेंदूच्या पानांच्या मजुरीची आणि पुरात वाहून गेलेल्या नाल्यावरच्या रपट्याची बातमी पाठवली. त्यांनी दर वेळी उत्तर लिहिले, 'वाघाचे काही असल्यास कळवावे.' चांदा जिल्ह्यात वाघाशिवाय काही राहते यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. कोऱ्या कागदांवर त्यांनी आपल्या हाताने वाघ काढावा.

कलम तिसरे, पोथ्या. या मी कोणासही देईन, पण ज्या पाठशाळेत मी शिकवले तिला देणार नाही. शक्य झाल्यास मास्तरांनी त्या माळ्यावर ठेवाव्यात, न झाल्यास वाळवीला. पाठशाळेला का नाही, हे सांगावयाचे तर कांद्याचे सांगावे लागेल, आणि या मृत्युपत्रात मुख्य इस्टेट तीच आहे.

आमचे वडील शास्त्री होते. आमच्या घरात कांदा नव्हता. कांद्याचे नावही नव्हते. नाव घेण्याची वेळच आली तर वडील त्यास 'ते' म्हणत. शेजारी फोडणी पडली की म्हणत, "आज तिकडे ते आहे, खिडकी लावा." अशा घरात सुगंधा सून होऊन आली, ती राजुऱ्याकडून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, वर्धा नदी ओलांडून. तेव्हा वडील वारून वर्ष होऊन गेले होते. तिच्या माहेरी परसात गोड कांदा होत असे. फिकट तांबडा, चपटा, पाण्याने भरलेला. निघताना तिच्या आईने ओटीतल्या तांदळांत एक पुरचुंडी घातली होती. आमच्या आईने ती सोडून पाहिली, काळे बारीक दाणे पाहिले, आणि तीळ समजून देवघराच्या फडताळात ठेवून दिली. सुगंधा नवी नवरी. ती काही बोलली नाही.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. वडिलांच्या तिथीला थोरले बंधू पाटावर बसले. आईने फडताळातले 'काळे तीळ' काढून दिले. गुणवंतरावांनी दक्षिणेकडे तोंड करून, दर्भ बोटात धरून, नाव-गोत्र उच्चारून, ज्या गृहस्थांनी जन्मभर 'ते' म्हटले त्यांस ओंजळीने कांद्याचे बी अर्पण केले. मंत्रांत कोठे चूक झाली नाही. मी शेजारी बसून ऐकत होतो. तर्पणाचे पाणी नेहमीप्रमाणे विहिरीजवळ मोकळ्या मातीत ओतले गेले.

कार्तिकात तेथे हिरव्या सुया उगवल्या. बंधूंनी मला हाक मारली.

"धुंड्या, हे काय उगवून राह्यलं इथी?"

मी वाकून पाहिले. मी पाहतो तोवर माजघराच्या दारामागून सुगंधा आपल्या जावेला, म्हणजे शकुबाईंना, सर्वांस ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "जाऊबाई, मामंजींले पावलं दिसते."

शकुबाई हसल्या. तोंडावर पदर धरून, पण हसल्या. माझ्या मते या घराची वाटणी त्याच क्षणी झाली. कागद पुढे झाले. बंधूंस कांद्याचा राग नव्हता, हसण्याचा होता. त्यांच्या हातून झालेले आणि ज्यावर त्यांचीच बायको हसली असे ते तर्पण त्यांनी मला आजतागायत माफ केलेले नाही. माझा त्यात हात काय, तर मी शेजारी बसलो होतो.

रोपे उपटून टाका, असे त्यांनी फर्मावले. सुगंधाने उपटली, आणि विहिरीच्या पलीकडे लावली. चैत्रात कांदे निघाले. पुढे आषाढात कांदेनवमी आली. ज्यांच्या घरी कांदा चालतो ते त्या दिवशी चातुर्मासाआधीचा शेवटचा कांदा खातात. मी त्या दिवशी माझा पहिला खाल्ला, कच्चा, विहिरीच्या कठड्याआड उकिडवा बसून. त्याची चव काय सांगू. दाताखाली पाणी सुटले आणि ते गोड होते, आणि पाठीमागून तिखट येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो, ते आलेच नाही. सुगंधा कठड्यावर बसून पाहत होती. म्हणाली, "काऊन जी, बाटलात ना? मग आता आणखी एक खा. एकदा बाटल्यावर दुसऱ्याचं पाप नाई लागत."

स्मृतिकारांनी पलांडूचा निषेध केला आहे. तो निषेध मी सकाळी पाठशाळेत मुलांकडून पाठ करून घेत असे आणि संध्याकाळी घरी येऊन पलांडूस पाणी घालीत असे. दोन्ही कामे मन लावून केली. काही वर्षे असे चालले. मग थोरले बंधू पाठशाळेच्या पंचांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा भाऊ आहे, बोलताना जीभ जड होते, पण मुलांचा प्रश्न आहे." जीभ काही फारशी जड झाली नसावी, ते घंटाभर बोलले. पंचांनी येऊन परसू पाहिले, पात मोजली आणि मला घरी बसवले. त्या पंचांपैकी दोघे जाताना एकेक जुडी पदराआड घेऊन गेले, हेही येथे लिहून ठेवतो.

कलम चौथे. वाटणीत बंधूंनी पुढचे घर, गोठा आणि बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याखालची, धानाची बांधी घेतली. माझ्याकडे मागच्या दोन खोल्या, परसू आणि विहीर आली. तेव्हा ते सर्वांदेखत म्हणाले, "त्याले राहू द्या कांदे लावाले." लोक हसले. यापुढचा भाग लोकांनी लक्षपूर्वक वाचावा.

काही वर्षांनी कुंपणापलीकडे, बंधूंच्या वाडीत, कांदा लागला. वाफा नव्हे, शेत. जहाल, तांबडा, डोळे फोडणारा कांदा. गाड्या भरून वडशाच्या स्टेशनावर जाऊ लागला. ज्या घरात 'ते' म्हणत त्या घराची माडी चैत्रात 'त्या'ने भरून वाहू लागली. मी एकदा कुंपणाशी उभा राहून विचारले, "दादा, हे कसे काय?"

"बजारासाठी हाये," ते म्हणाले. "खायासाठी नाई."

"विकण्याचे पाप नाही?"

"लागत असन. पण खाण्यापरीस कमी." आणि थोडे थांबून, "तुह्यासारखं पाठशाळेत बसून तर नाई ना लावत?"

मी कुंपणावरून परतलो आणि माझ्या वाफ्यास पाणी घातले. 

कांदा विकला याचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते माघात. बी धरण्यासाठी त्यांनी जुन्या कांद्यांची एक ओळ लावून फुलावर सोडली, आणि ती नेमकी माझ्या कुंपणालगत. ज्यास कांद्याचे ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. कांद्याचे बी एका वर्षात मिळत नाही. पहिल्या वर्षी बियाचा कांदा होतो. तो पावसाळाभर राखून कार्तिकात पुन्हा लावावा, तेव्हा त्यातून नळ निघतात, नळावर गोंडे फुलतात आणि गोंड्यांत काळे बी धरते. गोंडा फुलला की मधमाश्या येतात. त्या कुंपण पाहत नाहीत. जहाल फुलावरून उठून गोड फुलावर बसल्या की त्या गोंड्याचे बी बाटले. त्याचा कांदा रंगाने, आकाराने तसाच निघतो. डोळ्यांना भेद दिसत नाही. ओळख फक्त जिभेला.

सुगंधाने शकुबाईंकरवी निरोप पाठवला की एवढी ओळ पलीकडच्या बांधावर घ्या. बंधूंचे उत्तर शकुबाईंनी खाली मान घालून आणले: "मधमाश्यांले मी का सांगू, तिकडे जाऊ नका, तिकडे धुंडिराजशास्त्री राह्यते म्हणून?" वाक्य चांगले आहे. बातमीत असते तर मी मथळा केला असता. पुढच्या माघातही ओळ तेथेच होती, आणि त्याच्या पुढच्या माघातही.

तेव्हापासून सुगंधाने जिभेचा कायदा लावला. कार्तिकात कांदा बियासाठी लावताना त्याचा वरचा पाव भाग तसाही कापावा लागतो, म्हणजे नळ लवकर निघतात. ती प्रत्येक कांद्याचा वरचा तुकडा जिभेवर ठेवी आणि खालचा मातीत. ज्या कांद्याने डोळ्यांत पाणी आणले तो भाजीत जाई. "रडवते तो आपला नाई," असे ती म्हणे. आणि गोंडे फुलले की त्यांवर जुन्या पातळाचा पडदा बांधी. गावातले शिंपी दादाजी वैरागडे यांनी तो मच्छरदाणीसारखा शिवून दिला होता. आत माशी जात नसे. म्हणून मधमाशीचे काम ती हाताने करी, तळवा एका गोंड्यावरून दुसऱ्यावर फिरवी. ती गेल्यावर दोन हंगाम ते मी केले. पाणिनी शिकलेल्या हाताने कांद्याची लग्ने लावली, आणि ती अधिक समाधानाची वाटली.

गेल्या वर्षी फाल्गुनात, भर दुपारी, वावटळीने पडदा फाडला. मी पोचेपर्यंत मधमाश्या पोचल्या होत्या. त्या बियाचा कांदा यंदा चैत्रात निघाला. यंदा पुन्हा बियासाठी जे नळ उभे होते ते बंधूंच्या गोऱ्ह्याने माघात कुंपण मोडून खाल्ले; गोऱ्ह्यास मी दोष देत नाही, त्यास चव आहे. जुने बी वर्ष उलटून गेले, ते आता उगवत नाही. सबब सुगंधाच्या कांद्यापैकी या जगात आज जे काही आहे ते म्हणजे माझ्या चुलीवर, बांबूच्या आढ्याला, धुरात टांगलेली कांद्यांची एक वेणी. गोड कांदा फार टिकत नाही. कार्तिकापर्यंत टिकला आणि लागला तर आहे. न लागला तर नाही.

कलम पाचवे, आणि खरे कलम हेच. परसू, विहीर आणि ती वेणी मी शकुबाई गुणवंतराव पाचपोर, म्हणजे माझ्या वहिनी, यांस देतो. वाचणाऱ्याने पुन्हा वाचावे. लेखणी चुकलेली नाही. बंधूंच्या घरी जाऊ नये म्हणून मृत्युपत्रास बसलो आणि मुख्य चीज बंधूंच्याच घरी पाठवतो आहे. मी दुसरा मार्ग शोधला. मास्तर सज्जन आहेत, पण त्यांच्या हातून दुर्वाही जळतात. गावात दुसऱ्या कोणास ही चव ठाऊक नाही. शकुबाईंना आहे. दर कांदेनवमीला, बंधू बाजाराला गेले की, त्या कुंपणाच्या फटीतून इकडे येत आणि दोघी जावा विहिरीच्या कठड्यावर बसून मीठ लावून कांदा खात. मी ओट्यावर पहारा करी. एकदा बंधू मध्येच परतले. शकुबाई तोंड भरलेले असताना म्हणाल्या, "पाणी न्याले आली जी." हातात घागर नव्हती.

हे दान शकुबाईंस व्यक्तिशः आहे, पूर्ण मालकीने. गेल्या वर्षी दिल्लीत झालेल्या नव्या कायद्याने बाईमाणसास मिळकतीची पूर्ण धनीण होता येते. तो कायदा मी दोनदा वाचला आहे आणि कायद्याचे वाचन मला प्रथमच गोड लागले. बंधूंच्या कांद्यास पाणी याच विहिरीवरून जाते. वाटणीच्या वेळी लोक ज्या विहिरीवर हसले ती हीच. आता त्या पाण्यासाठी गुणवंतरावांनी आपल्या पत्नीची परवानगी घ्यावी. परवानगी देण्यास माझी हरकत नाही. शर्त एकच: त्यांनी कांदा लावावा, विकावा, पुण्य-पापाचा हिशेब आपल्या मताने करावा, पण माघ-फाल्गुनात एकही नळ कुंपणालगत फुलू देऊ नये. फुलल्यास त्या दिवसापासून मोट बंद.

वहिनी, तुमच्यासाठी थोडे सरळ लिहितो. कार्तिकात वेणी उतरवा. पिचलेले, कोंब फुटून पोकळ झालेले बाजूला काढा. प्रत्येकाचा वरचा तुकडा जिभेवर, खालचा मातीत. दया करू नका, रडवील तो भाजीत. वीतभर अंतराने लावा. फुलल्यावर पडदा बांधा आणि आत गोंड्यांवरून तळवा फिरवीत जा. पातळ माझ्या पेटीत घडी घातलेले आहे, हिरवे, ते फाटले तर दुसरे जांभळे आहे, तेही वापरा, ठेवून काय करायचे. बी चैत्रात गोंडे चोळून काढा आणि मडक्यात राखेत ठेवा. ते एकच वर्ष जगते हे विसरू नका. पुढच्या कार्तिकात वाफा उंच करा, माती चाळा, बी ओळीत पेरा, वर राख आणि कुजके शेण भुरभुरवा. पाणी झारीनेच, तोंड लावलेल्या. रोप बोटभर झाले की लावणी. चैत्रात पात आडवी पडली की काढा, आधी नाही. तुम्हाला हे सर्व ठाऊक आहे. तरी लिहिले, कारण लिहिताना ती बोलत असल्यासारखे वाटते.

कलम सहावे. खुरपी, विळा, कुदळ आणि बांबूचे सर्व साहित्य पोचू आत्राम यास. कुंपण तोच घालत आला आहे, आणि मोडलेले बांधताना गोऱ्ह्याच्या धन्याविषयी त्याने जे शब्द वापरले त्यांस संस्कृतात प्रतिशब्द नाहीत.

कलम सातवे. थोरले बंधू गुणवंतराव यांस मी माझी पितळी झारी देतो. तोंड त्यांच्याकडे आहेच. दोन्ही एका घरात आली म्हणजे ती पुन्हा झारी होईल. ती त्यांनी आपल्या हाताने शकुबाईंच्या वाफ्यावर नेऊन ठेवावी. यास समेट समजू नये. समेटासाठी दोन माणसे लागतात आणि त्यांपैकी एक कार्तिकात बहुधा नसेल.

कलम आठवे. माझे दिवस बंधूच करतील. दुसरा अधिकारी नाही. माझी तक्रार नाही. श्राद्धाच्या वेळी काळे तीळ नीट निरखून घ्यावेत. चूक झाल्यास माझी हरकत नाही. पाणी मात्र विहिरीजवळच ओतावे.

येणेप्रमाणे लिहिले ते मी स्वतः वाचले, साक्षीदारांस वाचून दाखवले, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. साक्षीदारांस काही ठेवलेले नाही, म्हणजे त्यांच्या साक्षीवर कोणी बोट ठेवणार नाही. दादाजींस याचे वाईट वाटले. "पडदा तं मीच शिवला जी," ते म्हणाले. दुसरा साक्षीदार मुखरू त्यांस म्हणाला, "गप ना दादाजी, तुले का झारी पाह्यजे?"

धुंडिराज महादेव पाचपोर, स्वहस्ते

साक्षीदार:
दादाजी वैरागडे, शिंपी, सही
मुखरू गेडाम, शेती, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम चिचोली, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा
आषाढ शुद्ध नवमी, शके १८७९, जुलै १९५७

साक्षीदार घरी गेले. सह्यांखाली कागद उरला आहे. येथून पुढच्या ओळींस कायद्यात किंमत नाही, म्हणून त्या लिहिता येतात.

आज कांदेनवमी. दुपारी बंधू गडचिरोलीस गेले आणि शकुबाई फटीतून आल्या. तीन वर्षांत प्रथमच आल्या. मी वेणीतला एक कांदा तोडला, चिरला, मीठ लावून त्यांच्यापुढे ठेवला आणि सहज विचारावे तसे विचारले, "बघा बरे, कसा आहे." मीही एक फोड तोंडात टाकली होती. माझ्या तोंडात ती भिजलेल्या कागदासारखी होती.

त्या कठड्यावर बसल्या, सुगंधाची जागा सोडून. फोड चावली. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. बराच वेळ येत राहिले. मग म्हणाल्या, "गोड हाये जी भाऊजी. तसाच हाये." पदराने डोळे पुसले आणि गेल्या. जाताना उरलेला कांदा नेला नाही.

सुगंधाचा कांदा रडवत नसे. पण शकुबाई कठड्यावर एकट्या बसल्या होत्या, आणि तेवढे पाणी त्यानेही येऊ शकते. ते कशाचे होते हे मला विचारता आले नाही. मरणाऱ्या माणसाला त्यांनी खरे सांगितले की गोड सांगितले, हे मला कळलेले नाही.

वेणीत एक तरी कांदा तिचा उरला आहे, की चैत्रापासून मी गुणवंतरावांचाच कांदा धुरात राखला आणि आता समारंभाने त्यांच्याच घरी परत पाठवतो आहे, हे मला माहीत नाही. तसे असेल तर मी राखले म्हणतो ते काहीच राखलेले नाही, आणि तिचे या घरात काही उरलेले नाही. मला तेवढीच काळजी आहे. मघाशी पुन्हा एक फोड खाऊन पाहिली. काही कळले नाही.